ऑफिसच्या कॉम्प्युटरला नाव देताना: नागपुरात आयटी सपोर्टला नव्यानं लागलेल्यांसाठी

परसोडीचा आयटी पार्क असो, मिहान असो की हिंगणा-बुटीबोरीतला एखादा कारखाना, आयटी सपोर्टच्या नोकरीत पहिल्या आठवड्यात कुणी हाती सर्व्हर देत नाही. खोक्यातले नवे लॅपटॉप देतात आणि म्हणतात, "एवढे सेट करून टाका." विंडोज सुरू होतं, नेक्स्ट-नेक्स्ट करत पुढं गेलं की मशीन तयार. नाव मात्र त्यानं स्वतःच ठेवून घेतलेलं असतं: बहुधा 'डेस्कटॉप', मग एक डॅश, मग सात वाट्टेल ती अक्षरं आणि आकडे.

घरी ते चालून जातं. ऑफिसात नाही, कारण तिथं हेच नाव डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था), ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (ऑफिसच्या माणसांची आणि मशीनची विंडोजमधली नोंदवही), अँटिव्हायरसच्या कन्सोलवर, बॅकअपच्या रिपोर्टमध्ये आणि फायरवॉलच्या लॉगमध्ये उमटतं. रात्री अकराला अलर्ट आला की अमुक मशीनवर रॅन्समवेअरसारखं काहीतरी चालू आहे, तर त्या नावावरून मशीनच्या नोंदींचं रजिस्टर आणि रजिस्टरवरून टेबल, हा प्रवास दोन मिनिटांत व्हायला हवा.

नियम तसा एकच आहे, बाकी सगळे त्याच्यातूनच निघतात: मशीन भंगारात जाईपर्यंत जे बदलणार नाही, तेवढंच नावात घालायचं. गाडीच्या नंबरप्लेटसारखं. एमएच-३१ ची गाडी धरमपेठेतून कळमन्यात विकली गेली, मालक बदलला, रंग बदलला, तरी नंबर तोच राहतो. आज ती कुणाची आहे ते आरटीओच्या नोंदीत बघायचं.

पुढं वाचण्याआधी एक खुलासा. मशीनचं नाव टाकायचं ते रोमन अक्षरांतच. इथं मी ती अक्षरं तोंडानं सांगतो तशी लिहिली आहेत. 'एबीसी-एल-००४१२' म्हणजे ए, बी, सी, डॅश, एल, डॅश आणि पाच आकडे. डॅश हासुद्धा नावाचाच भाग.

आधी विचारा

तुमच्या आधी कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं. लिहून ठेवलेलं असेल तर उत्तम, नसेल तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीतली यादी उघडून पन्नासेक नावं नुसती वाचा, पद्धत लक्षात येते. जुनी पद्धत बावळट वाटली तरी स्वतःच्या मनानं नवी सुरू करू नका. दोन अर्धवट पद्धतींपेक्षा एक बावळट पद्धत बरी.

मशीन कशाला जोडायचं आहे तेही विचारून घ्या. ऑफिसचं स्वतःचं डोमेन (ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर चालणारं) आहे, की मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधलं एन्ट्रा (खाती सांभाळणारं) आणि इंट्यून (मशीन सांभाळणारं), की दोन्ही? आधीच जोडलेल्या मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डीएसरेगसीएमडी /स्टेटस' दिलं की कशाला जोडलंय ते पहिल्या काही ओळींतच दिसतं. इंट्यूनमधून ऑटोपायलटनं (नवं मशीन आपोआप सेट करणाऱ्या सोयीनं) मशीन तयार होत असतील तर नावाचा साचा तिथंच ठरवलेला असू शकतो: एक उपसर्ग आणि पुढं सिरियल नंबर किंवा रँडम आकडे. अशा ठिकाणी हातानं नाव बदलायच्या फंदात पडूच नका.

पंधरा अक्षरं, त्यापुढं नाही

डीएनएसच्या हिशेबानं टिंबांमधला नावाचा एक तुकडा ६३ अक्षरांपर्यंत चालतो. मग विंडोजवाले पंधरावरच का अडतात? कारण नेटबायॉस. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी बनलेली ही व्यवस्था नावाला सोळा बाइट देते आणि सोळावा बाइट सेवेचा प्रकार सांगायला राखून ठेवते. तुमच्या हाती उरले पंधरा. आज नेटबायॉस बंद ठेवलेली कितीतरी नेटवर्क्स आहेत, पण ॲक्टिव्ह डिरेक्टरीतलं कॉम्प्युटरचं खातं अजून त्याच पंधरात बसतं. 'डेस्कटॉप-' ची रोमनमध्ये आठ अक्षरं आणि पुढची सात मिळून बरोबर पंधरा होतात, हे बघितलंत का?

मर्यादा विसरली की काय होतं ते एका नावावरून कळेल. कुणीतरी मोठ्या हौसेनं 'नागपूर-अकाउंट्स-०१', 'नागपूर-अकाउंट्स-०२' अशी नावं ठरवतो. रोमनमध्ये मोजा: नागपूरची सहा अक्षरं, डॅश एक, अकाउंट्सची आठ. झाली पंधरा. आकडे नेमके कापले जातात आणि अकाउंट्समधली सगळी मशीन नेटबायॉसच्या दृष्टीनं एकाच नावाची होतात. हातानं नाव टाकताना विंडोज इशारा देतं, पण घाईत ओके दाबणारे कमी नसतात. म्हणून कागदावर पद्धत ठरवताना सगळ्यात लांब नाव आधी मोजून बघायचं.

अक्षरं कुठली चालतात? इंग्रजी ए ते झेड, शून्य ते नऊ, आणि डॅश. संपलं. डॅश सुरुवातीला किंवा शेवटी नको. स्पेस नको, टिंब नको. अंडरस्कोर विंडोज एखाद्वेळी चालवून घेतं, पण डीएनएसमध्ये यंत्राच्या नावात त्याला जागा नाही. तो सेवांच्या नोंदींसाठी वापरतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरी स्वतःच्या एलडॅप वगैरे नोंदी अंडरस्कोरनं सुरू करते ते त्यामुळंच. नुसत्या आकड्यांचं नाव विंडोज घेत नाही. १९८५ च्या इंटरनेट नियमाप्रमाणं पहिलं अक्षर अक्षरच असायला हवं होतं, १९८९ मध्ये आकड्यालाही परवानगी मिळाली, तरी अक्षरानंच सुरुवात करा. एखादी जुनी स्क्रिप्ट कधी अडेल सांगता येत नाही. कॅपिटल की स्मॉल, यानं डीएनएसला फरक पडत नाही. स्टिकरवर कॅपिटल छापा, वाचायला सोपं जातं.

आणि देवनागरी? 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन २०१४ पासून आहे, त्यामुळं हा प्रश्न दरवेळी कुणीतरी विचारतोच. पण पडद्यामागं तिथंही रोमन अक्षरांचंच एक सांकेतिक रूप चालतं. आतल्या मशीनच्या नावात देवनागरी टाकली तर प्रिंटरपासून बॅकअपपर्यंत कोण कुठं अडेल याचा नेम नाही. मराठीचा अभिमान स्टिकरखालच्या सूचनेत दाखवा.

नावात काय घालायचं नाही

माणसाचं नाव घालू नका. नोकऱ्या बदलतात, लॅपटॉप तोच राहतो, आणि सोडून गेलेल्या माणसाच्या नावाचं मशीन नव्या मॅडमच्या टेबलावर वर्षानुवर्षं नांदतं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. लॅपटॉप कुठल्याही वाय-फायला जोडला की आयपी पत्ता मागताना तो बहुधा स्वतःचं नावही सांगतो. डीएचसीपीत, म्हणजे आयपी पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेत, त्यासाठी १२ नंबरचा पर्यायच आहे. म्हणजे सोनेगावच्या विमानतळावर किंवा एखाद्या कॅफेत बसल्या बसल्या तो लॅपटॉप कुणाचा आणि कुठल्या पदावरच्या माणसाचा, हे त्या नेटवर्कला फुकटात कळतं. 'एमडी' किंवा 'सीएफओ' अशी नावं तर मुळीच नकोत.

विभाग आणि मजलाही नको. उन्हाळ्यात एसी बंद पडला की अर्धा विभाग खालच्या मजल्यावर येतो आणि पावसाळा आला तरी परत जात नाही. धंतोलीची शाखा बंद करून माणसं बुटीबोरीला हलवली, तर नावात 'धंतोली' असलेली मशीन बुटीबोरीत बसतात आणि नवा माणूस त्यांना शोधत भलतीकडं जातो. विंडोजची आवृत्ती, मॉडेल, रॅम हे सगळं मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर स्वतःच सांगतं, नावात कोंबायचं कारण नाही.

सर्व्हरच्या नावात त्याचं काम लिहावं की नाही यावर वाद आहेत. बॅकअप सर्व्हरला 'बॅकअप' म्हटलं तर चोराला पत्ता दिला, असं काही जण म्हणतात. मला त्यात फार दम वाटत नाही. आत शिरलेल्याला पोर्ट स्कॅन करून ते तसंही कळतं. माझा आक्षेप वेगळा आहे: सर्व्हरचं काम बदलतं. म्हणून सर्व्हरलाही नंबर द्या आणि कामाचं नाव डीएनएसमध्ये टोपणनाव म्हणून ठेवा, म्हणजे सी-नेम. लोक 'फाइल्स' या नावानं येतात आणि मागचं मशीन बदललं तरी त्यांना कळतही नाही. फक्त विंडोजचं फाइल शेअरिंग अशा टोपणनावावर कधीकधी अडतं. तिथं सर्व्हरला 'नेटडॉम कॉम्प्युटरनेम' कमांडनं अधिकृत दुसरं नाव जोडून घ्यावं लागतं. ते काम सीनियरवर सोपवा.

मग काय घालायचं

संस्थेची दोन-तीन अक्षरं, प्रकाराचं एक अक्षर, आणि मालमत्तेचा नंबर, म्हणजे रजिस्टरमधला त्या मशीनचा क्रमांक. 'एबीसी-एल-००४१२'. अकरा अक्षरं झाली, चार शिल्लक. एल म्हणजे लॅपटॉप, डी डेस्कटॉप, एस सर्व्हर, व्ही व्हर्च्युअल मशीन. आकड्यांपुढं शून्यं हवीतच, नाहीतर यादी क्रमानं लावली की दहा हा दोनच्या आधी येऊन बसतो. संस्थेची अक्षरं कशाला, असं वाटेल. पण उद्या दोन कंपन्या एक झाल्या, किंवा सपोर्टचं काम बाहेरच्या कंपनीकडं गेलं आणि तिच्या कन्सोलवर दहा ग्राहकांची मशीन एकत्र दिसू लागली, की त्यांची किंमत कळते.

मालमत्ता नंबराऐवजी सिरियल नंबर का नको? पद्धत वाईट नाही. सगळे लॅपटॉप एकाच मोठ्या कंपनीचे असतील तर बिनधास्त वापरा, रजिस्टर चुकलं तरी नाव चुकत नाही. पण मोजून बघा. डेलचा सर्व्हिस टॅग सात अक्षरांचा असतो, एचपीचा सिरियल साधारण दहा. 'एबीसी-एल-' ही सहा आणि दहा, सोळा. एका अक्षरानं गाडी चुकते. मधला एक डॅश काढून 'एबीसीएल-' केलं तर पंधरात बसतं, पण काठोकाठ.

त्याहून मोठी अडचण असेम्बल केलेल्या मशीनची. बर्डीवरच्या दुकानातून सुटे पार्ट आणून जोडलेले डेस्कटॉप नागपुरातल्या लहान-मध्यम ऑफिसांत ढिगानं आहेत. त्यांच्या बायॉसला सिरियल विचारला तर कितीतरी मदरबोर्ड उत्तर देतात, 'टू बी फिल्ड बाय ओईएम'. म्हणजे बनवणाऱ्यानं भरायचा होता, भरलाच नाही. दहा मशीन, दहाही ठिकाणी हेच वाक्य. तिथं स्वतःचा नंबर लावण्यावाचून पर्याय नाही.

नावात जागा नको, हा नियम प्रिंटर, स्विच, वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट यांना लागू करू नका. ती भिंतीला किंवा कोपऱ्याला चिकटलेली असतात, आणि बिघडली की तुम्हाला तिथं जायचंच असतं. 'एबीसी-पी-एचएनजी-०२' म्हणजे हिंगण्याचा दुसरा प्रिंटर, बारा अक्षरांत. हलवला तर नाव बदलायचं, प्रिंटरचं तेवढं चालतं.

जागांचे कोड मात्र एका तक्त्यात पक्के करून ठेवा आणि तो तक्ता सगळ्यांना दिसेल असा लावा. एकट्या नागपूरचे किती कोड आहेत बघा: रेल्वेचा एनजीपी, विमानतळाचा एनएजी, गाड्यांचे ३१, ४९ आणि ग्रामीणचा ४०. प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो. त्यात रोमन स्पेलिंगची भर. वाडी डब्ल्यूनं की व्हीनं? वर्धमाननगर कशानं? इतवारीत एक ए की दोन? तीन अक्षरं ठरवा आणि तक्त्याबाहेरचं काही स्वीकारू नका.

सर्व्हरला हौशी नावं देण्याची जुनी रीत आहे. १९९० मध्ये इंटरनेटवाल्यांनी मशीनची नावं कशी निवडावीत यावर एक सल्लापत्रच काढलं होतं, आरएफसी ११७८. एखादा विषय धरून नावं द्यायची कल्पना त्यात चांगली म्हटली आहे. विदर्भातल्या माणसाला लगेच जंगलं आठवणार: ताडोबा, पेंच, नागझिरा, मेळघाट, बोर. पाच-सात सर्व्हर असेपर्यंत मजा येते. पुढं जंगलं संपतात, मशीन संपत नाहीत, आणि 'बोर डाउन आहे' हा फोन नव्या माणसाला कळत नाही. घरच्या लॅबमध्ये करा, खुशाल करा.

नंबर आधी, मशीन नंतर

खोकं उघडण्याआधी रजिस्टरमध्ये ओळ भरा. गुगल शीट चालेल, एक्सेल चालेल, मालमत्तेचं वेगळं सॉफ्टवेअर असेल तर फारच छान. नाव, सिरियल, मॉडेल, खरेदीची तारीख, वॉरंटी कधी संपते, आत्ता कुणाकडं, कुठल्या जागेवर, स्थिती. कुणाकडं आणि कुठं हे दोन रकाने बदलत राहतील, ते बदलण्यासाठीच आहेत.

दोघं-तिघं मिळून काम करत असाल तर आपापल्या मनानं 'पुढचा नंबर' घेऊ नका. सकाळी वीस नंबर एकदम राखून घ्या: तुझे चारशे एक ते दहा, माझे अकरा ते वीस. उरलेले नंबर संध्याकाळी रिकामे सोडून दिले तरी बिघडत नाही. नंबरात खड्डे पडलेले परवडतात, एकाच नंबरची दोन मशीन परवडत नाहीत.

नाव मोकळं आहे का

नुसत्या पिंगवर (मशीन जागं आहे का ते विचारणारी कमांड) विश्वास ठेवू नका. मशीन बंद असेल तर उत्तर येणार नाही, आणि चालू असलं तरी विंडोजची फायरवॉल बहुतेक वेळा पिंग अडवते. तीन ठिकाणी शोधा: ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नाव शोधा, 'एनएसलुकअप' नं डीएनएसला विचारा, आणि रजिस्टर बघा. क्लाउडवर असाल तर जास्त जपून, कारण इंट्यून आणि एन्ट्रा एकाच नावाची दोन मशीन बिनतक्रार ठेवून घेतात. त्यांना ओळख नावाची नसते, आतल्या आयडीची असते. गोंधळ होतो तो तुमचा.

डोमेनवर आधीच असलेल्या नावानं दुसरं मशीन जोडलं आणि ते स्वीकारलं गेलं, तर खातं नव्याच्या ताब्यात जातं. जुन्या मशीनवर दुसऱ्या दिवशी लॉगिनच्या वेळी संदेश येतो की या वर्कस्टेशनचा डोमेनशी असलेला विश्वासाचा संबंध तुटला आहे. माणूस म्हणतो, "काल तर चालू होतं!" ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनं हे बरंच आवळलंय. आता साधारणपणे ते खातं मुळात ज्यानं बनवलं त्यानंच जोडलं, किंवा ते डोमेन ॲडमिननं बनवलेलं असलं, तरच जुनं खातं पुन्हा वापरता येतं. नाहीतर सुरक्षा धोरणाचं कारण देऊन अडवलं जातं. हा संदेश दिसला तर त्यातून पळवाट शोधू नका. आधी विचारा, की हे नाव कुणाचं आहे?

नाव टाका, रीस्टार्ट करा, मग जोडा

क्रम हाच ठेवा. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, तिथं अबाउट, तिथं 'रिनेम धिस पीसी'. किंवा ॲडमिन म्हणून पॉवरशेल उघडून 'रिनेम-कॉम्प्युटर' आणि पुढं नवं नाव. रीस्टार्ट होईपर्यंत जुनंच नाव चालू असतं, म्हणून नाव आणि जोडणी एका दमात उरकायचा मोह टाळा.

जोडलेलं मशीन काही वेगळं सांगितलं नाही तर 'कॉम्प्युटर्स' नावाच्या ढिगात जाऊन पडतं. तिथं ग्रुप पॉलिसी (एकदम अनेक मशीनवर लागू होणारी सेटिंग्ज) थेट लावता येत नाही. विभागासाठी म्हणून लावलेल्या पॉलिसी मशीनला मिळतच नाहीत. योग्य ओयूमध्ये (ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या कप्प्यात) हलवा, किंवा खातं आधीच तिथं बनवून ठेवा.

आणखी एक गंमत अकराव्या मशीनला येते. मूळ सेटिंगप्रमाणं साध्या युजरला दहाच मशीन जोडता येतात, अकराव्याला तुमची मर्यादा संपली म्हणून एरर येते. पासवर्ड चुकला नाही, नेटवर्कही ठीक आहे. जोडणीचा वेगळा अधिकार दिलेलं खातं सीनियरकडून मागून घ्या.

एका मशीनची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल, काढून वीस मशीनवर उतरवत असाल, तर आधी सिसप्रेप (मशीनची खास ओळख पुसणारं विंडोजचं साधन) करायला हवं. नाहीतर वीसही जण एकच नाव घेऊन उठतात आणि आतली ओळखही तीच असते.

तपासणी आणि स्टिकर

जोडून झालं की 'होस्टनेम' कमांडनं नाव बघा. दुसऱ्या मशीनवरून 'एनएसलुकअप' नं नाव विचारा, जो आयपी येईल तो उलटा विचारा. दोन्हीकडून एकच उत्तर यायला हवं. येत नसेल तर नव्या मशीनवर 'आयपीकॉन्फिग /रजिस्टरडीएनएस' द्या आणि थोडं थांबा. उलट्या शोधात भलतंच नाव आलं तर बहुधा डीएनएसमध्ये जुनी नोंद पडून आहे. विंडोजच्या डीएनएस सर्व्हरवर शिळ्या नोंदी झाडून काढायची सोय असते, पण ती मुळात बंद असते आणि कितीतरी ठिकाणी कुणी कधी सुरू केलेली नसते.

मग स्टिकर. नव्यांना हा सगळ्यात फालतू भाग वाटतो. हिंगण्याहून फोन येतो:

"भाऊ, प्रिंटच नाही निघून राहिली."

"मॅडम, मशीनचं नाव काय आहे?"

"थांबा... डेस्कटॉप, मग बारकी रेघ, मग बी... बी का डी? मग ओ. नाही, शून्य असेल. भाऊ, तुम्हीच येऊन पाहा ना!"

आता तेच मशीन नीट नावाचं आणि डोळ्यांसमोर स्टिकर लावलेलं असतं तर? "एल, शून्य शून्य चार एक दोन." रिमोटनं आत शिरून पाच मिनिटांत काम झालं असतं. फोनवर बी, डी, पी, टी एकसारखे ऐकू येतात, एम-एनचं तेच. म्हणून तर नंबराची पद्धत बरी. प्रकाराच्या अक्षरात डी आणि पी दोन्ही आहेत ना, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण समोर डेस्कटॉप आहे की प्रिंटर, ते मॅडमना दिसतंच. अक्षर सांगायचंच झालं तर 'एन नागपूरचा' ही आपली पद्धत झकास चालते.

स्टिकर लॅपटॉपच्या पोटाला लावू नका, उलटा करून वाचायला माणूस फाइल बंद करतो. स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर किंवा कीबोर्डच्या कोपऱ्यात, गरम हवा निघते तिथून लांब. नागपूरच्या मे महिन्यात साध्या कागदी लेबलाचा गोंद सुकून जातो आणि कूलरच्या दमट हवेत शाई फुटते. लेबल प्रिंटरची लॅमिनेटेड पट्टी घ्या, आधी जागा स्पिरिटनं पुसा. डेस्कटॉपला पुढं एक आणि मागं एक, कारण टेबलाखाली शिरल्यावर तुम्हाला मागचीच बाजू दिसते.

आतापर्यंत सगळं विंडोजचं झालं. मॅकमध्ये नावं तीन असतात: लोकांना दिसणारं, नेटवर्कचं आणि बोंजूरचं (जवळची मशीन आपोआप शोधणारी ॲपलची सोय). सेटिंग्जमध्ये बदललं तरी सगळी बदलतात असं नाही. टर्मिनलमधून 'एससीयूटिल' नं तिन्ही एकसारखी करा. नाहीतर एखाद्या सकाळी नावापुढं '-२' लागलेलं दिसतं. लिनक्सवर 'होस्टनेमसीटीएल', आणि 'ईटीसी' मधल्या होस्ट्स फाइलमध्ये जुनं नाव उरलं नाही ना ते बघायचं. लिनक्स ६४ अक्षरं घेतं, पण डोमेनला जोडणार असाल तर तिथंही पंधराच.

जुन्या मशीनचं नाव बदलताना

नवी पद्धत आली म्हणून एका रविवारी सगळ्या ऑफिसची नावं बदलून टाकायचा उत्साह कुणाला आला तर त्याला थंड करा. नवीन मशीन नव्या पद्धतीनं, जुनी निवृत्त होतील तशी जातील. चार-पाच वर्षांत यादी आपोआप स्वच्छ होते.

बदलायचंच झालं तर आधी बघा की त्या नावावर कोण अवलंबून आहे. त्या मशीनवरून शेअर केलेला प्रिंटर आणि फोल्डर इतरांच्या मशीनवर जुन्या नावानंच जोडलेले असतात. टॅलीचं मल्टी-युजर लायसन्स ज्या मशीनवर आहे त्याला बाकीची मशीन नावानं किंवा आयपीनं शोधतात; नावानं शोधत असतील तर सगळ्या अकाउंट्सचं काम एकदम अडतं. एसक्यूएल सर्व्हर असेल तर विंडोजचं नाव बदललं तरी त्याच्या आतल्या नोंदीत जुनं नाव राहतं, ते वेगळ्या कमांडनं बदलावं लागतं. जुन्या नावावर काढलेली सर्टिफिकेट्स कामाची राहत नाहीत. अँटिव्हायरस आणि बॅकअपच्या कन्सोलवर एकाच मशीनच्या कधी दोन ओळी दिसू लागतात, त्यातली एक कायमची लाल. डोमेन कंट्रोलरला (डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरला) तर हात लावूच नका, त्याची पद्धत वेगळी. आणि सर्टिफिकेट अथॉरिटी (सर्टिफिकेट्स काढून देणारी सेवा) बसवलेल्या सर्व्हरचं नाव बदलता येत नाही.

वेळही बघा. मार्च एंडला अकाउंट्सच्या मशीनला हात नाही. महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेच्या आसपास, जीएसटीआर-वन आणि थ्री-बीच्या धावपळीतही नाही. त्या दिवसांत काहीही बिघडलं तरी दोष नाव बदलणाऱ्यालाच लागतो.

मशीन निवृत्त होताना

खातं लगेच डिलीट करू नका, आधी डिसेबल करा. डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ठेवत असाल तर ती त्या कॉम्प्युटरच्या खात्याच्या आत असते. खातं उडवलं की कीसुद्धा गेली, आणि महिन्याभरानं कुणीतरी जुन्या डिस्कमधली फाइल मागत येतो. लोकल ॲडमिनचा पासवर्ड सांभाळणाऱ्या लॅप्सचंही तेच. डिस्क पुसून झाल्याची नोंद रजिस्टरमध्ये आली की मगच खातं काढा आणि डीएनएसमधली नोंदही काढा.

तो नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानं लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. 'एबीसी-एल-००४१२' हे नाव फेब्रुवारीत एका मशीनचं आणि मेमध्ये दुसऱ्याचं असेल, तर तो लॉग वाचणाऱ्यानं काय समजायचं? पाच आकड्यांत जवळजवळ एक लाख नंबर बसतात, काटकसर करायची ही जागा नव्हे. ओळ पुसायची नाही, स्थितीच्या रकान्यात 'निर्लेखित' आणि तारीख लिहायची.

ऑटोपायलटमध्ये नोंदवलेला लॅपटॉप विकायचा असेल तर तिथलीही नोंद काढायला विसरू नका. ती राहिली तर विकत घेणारा विंडोज नव्यानं टाकतो, मशीन इंटरनेटला जोडतो आणि त्याच्यासमोर तुमच्याच कंपनीचं लॉगिन उभं राहतं. मग तो स्टिकरवरचं नाव वाचून तुम्हालाच फोन करतो. तेव्हा विकण्याआधी स्टिकरही काढून घ्या.